सगळ्यात कमी बोलणाऱ्याचं घर

ज्याचं घर त्यालाच गप्प बसवणारा आर्किटेक्ट अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि ते नेमके आमचे साडूभाऊ निघाले. जळगावात त्यांचं ऑफिस. "घर कर्त्या माणसाचं नसतं, घरात जो सगळ्यात कमी बोलतो त्याचं असतं," हे त्यांच्या धंद्याचं एकमेव तत्त्व. एका डाळमिलवाल्या शेठजींनी काचेच्या दर्शनी भागाचं तासभर वर्णन केलं. भाऊंनी ते शांतपणे ऐकलं आणि मागे उभ्या असलेल्या सूनबाईंना विचारलं, "ताई, दुपारी तुम्ही कुठे बसता?" ती म्हणाली, "जिन्यात. तिथे वारा लागतो." झालं! भाऊंनी रुंद, खिडकीचा, बसायला ओटा असलेला ऐसपैस जिना काढला. आता मे महिन्यात शेठजींसकट सगळं घर जिन्यातच पसरलेलं असतं आणि सूनबाईंना पुन्हा जागा नाही. हे कळल्यावर भाऊ आठवडाभर नीट जेवले नाहीत. शिरपूरकडच्या एका घरात तर सगळेच बोलके निघाले, तेव्हा हे गोठ्यात जाऊन म्हशीजवळ बसले. गोठा मात्र त्या घरात सगळ्यात थंडगार झाला आहे.

पण हेच तत्त्व घरी त्यांच्या अंगाशी आलं. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, माहेरची भडगावची आणि स्वभावाने अबोल. पिंप्राळ्याकडे प्लॉट घेऊन ठेवलेला. घर कसं हवं म्हणून विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "तुम्हाला पटेल तसं." आणि तिने सांगितल्याशिवाय हे रेघ ओढायला तयार नाहीत! आजूबाजूला भाऊंच्याच हातची घरं उभी राहिली, यांच्या प्लॉटवर गवत वाढत राहिलं. अक्काचे गुडघे दुखायला लागले, तरी ती भाड्याच्या घराचे जिने चढतेच आहे.

शेवटी मी चिडून म्हटलं, "भाऊ, दोन खोल्या काढा आणि मोकळे व्हा. तिला स्वतःचं छप्पर कधी मिळायचं?"

त्यांचा चेहरा पडला. "जन्मभर ती दुसऱ्यांनी ठरवलेल्या घरात राहिली," ते म्हणाले. "आता मीही ठरवू?"

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे त्यांच्या गच्चीवर होतो. अक्का ओल्या कापडावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत होती. भाऊंनी सवयीने पुन्हा विचारलं. अक्काने मान वर न करता माहेरच्या अहिराणीत सांगितलं, "माले बठ्ठं चालस, कसं बी काढा. सयपाक करता करता फक्त तुम्ही दिखाले पाहिजेत. तुम्ही तर सदा दुसऱ्यास्ना प्लॉटवर."

भाऊ चष्मा पुसत राहिले. इतरांच्या घरात बरोबर माणूस हेरणारा हा गडी, त्याला स्वतःच्या घरातलं हे एकटेपण दिसलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी कागद पसरला गेला. स्वयंपाकघराचा ओटा आणि समोर भाऊंचं टेबल, मध्ये भिंत नाही.

घर मात्र अजून कागदावरच आहे, कारण अक्काला आता रोज काहीतरी सुचतं आणि भाऊ मुकाट्याने खोडतात. परवा मी गेलो, तर दोघं एकाच कागदावर वाकून खिडकीवरून कडाकडा भांडत होती. मला इतकं बरं वाटलं की चहा न घेताच मी दारातून परत फिरलो.