वरीची पहिली मूठ

भाईंदर गावातल्या आशाच्या गिरणीत शिरलात की उजव्या हाताला फळीवर पत्र्याचा एक डबा दिसेल. झाकणाला पोचा, अंगावर पिठाचा थर आणि आत वरी. ही वरी गिऱ्हाइकाची नव्हे, गिरणीची. उपवासाचं दळण आलं की आधी यातली एक मूठ चक्कीत टाकायची. दगडाच्या खाचांत गव्हाबाजरीचं पीठ दडून बसलेलं असतं, ते या मुठीबरोबर बाहेर पडतं. ते चिमण्यांना घालायचं आणि मगच गिऱ्हाइकाची वरी ओतायची. हा रिवाज आशाच्या वडिलांचा, लवू पाष्ट्यांचा. पुढच्या गल्लीतला गिरणीवाला त्यांना हसायचा. "लवूशेठ चिमण्या पाळतात," म्हणायचा. लवूशेठ म्हणायचे, "पाळतो. तू माश्या मार."

आता लवूशेठना जाऊन चार वर्षं झाली. आशा त्रेचाळीसची आहे आणि गिरणी तीच चालवते. पण नवरात्र आलं, वरी-राजगिऱ्याचे डबे रांगेत लागले, की तिचं मन हटकून त्या वर्षात जाऊन बसतं, जेव्हा ती पंधराची होती आणि गिरणीच्या मागच्या दारातून खाडीपर्यंत मिठागरं दिसायची. आता त्या दारातून समोरच्या टॉवरचं पार्किंग दिसतं. तेव्हा बाहेर मिठाचे पांढरे ढीग असत आणि आत भुवयांपर्यंत पांढरे झालेले बाबा. ते दिवस पुन्हा यायचे नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी ती दर वर्षी त्या दाराशी घटकाभर उभी राहते.

शिकवणं म्हणाल तर बाबांनी तिला समोर बसवून काहीच शिकवलं नाही. पहिले चार महिने नुसता झाडू. मग डबे उचलणं. मग एक दिवस त्यांनी तिचा हात धरून पिठाच्या धारेखाली नेला.

"अंगठ्यानं चोळून बघ गो. काय म्हणतंय?"

"गरम आहे."

"गरम म्हणजे दगड घट्ट बसलाय. जरा सैल कर. पीठ करपलं की पोळीला वास मारतो, आणि शिव्या खातो आपण."

असं करत करत तिचा अंगठा शहाणा झाला. भाकरीचं पीठ कुठवर, लाडवाचं कुठवर, हे ती डोळे मिटून सांगू लागली. नया नगरहून गहू घेऊन येणाऱ्या चाचीला "कितना बारीक?" असं ऐटीत विचारू लागली. सगळ्या गिऱ्हाइकांनी तिला हळूहळू मानलं. एक सुलूमावशी सोडून.

सुलूमावशी तारोडी गावची लेक, खाडीजवळच्या कोळी आळीत दिलेली. एकदा तिचा मुलगा पंढरीनाथ वादळात तीन दिवस होडीसकट बेपत्ता झाला होता. तो जिवंत परतला तेव्हा तिने देवीला शब्द दिला, की जन्मभर नवरात्राचे नऊ दिवस गहू-तांदळाचा कण तोंडात घालणार नाही. त्यामुळे तिचं दळण म्हणजे देवीच्या पाया पडण्याइतकं जपायचं काम. दारातूनच ती ओरडायची, "लवू, तुजे हातचा दे. पोरीचे नको." आशाला ते मिरचीसारखं झोंबायचं.

त्या वर्षी नवरात्राच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "यंदा उपवासाचं दळण तुझ्याकडे. चुकलीस तर पुन्हा झाडू." आशाला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

घटस्थापनेच्या सकाळी मोटरचा पट्टा कुरकुरायला लागला म्हणून बाबा नवा आणायला बाजारात गेले. नेमकी तेव्हाच सुलूमावशी आली. इकडे तिकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि डबा ठेवला. "लवू आला म्हंजे त्याचे हातान दलून ठेव. पंढरी न्यायला येल." आणि निघून गेली.

दाखवतेच हिला, असं आशा मनात म्हणाली. चक्कीवर चालू असलेलं गव्हाचं दळण उतरवलं आणि तडक मावशीची वरी ओतली. पीठ असं पडलं, की बाबांनीही मान डोलावली असती. पंढरीनाथ येऊन डबा घेऊन गेला. आशा खुशीत वळली आणि तिची नजर फळीवर गेली. पत्र्याच्या डब्यावरचा पिठाचा थर जसाच्या तसा होता. सकाळपासून त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.

वरीत गेलेलं चिमूटभर गव्हाचं पीठ कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. गप्प बसली असती तर दळण तिच्याकडे राहिलं असतं आणि झाडू कोपऱ्यात. अर्धा तास ती खरंच गप्प बसली. मग बाबा पट्टा घेऊन आले, आणि त्यांनी काही विचारायच्या आतच तिला रडू फुटलं.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी पट्टा चढवला, एक मूठ टाकून चक्की फिरवली, मग फळीवरच्या डब्यातली उरलीसुरली वरी दळून स्वच्छ पिशवीत भरली.

"जा. देऊन ये आणि सांगून ये."

"तुम्ही चला ना बाबा."

"चक्की माझी आहे गो. चूक तुझी."

आशा पोहोचली तेव्हा सुलूमावशी चुलीपुढे होती. तव्यावर वरीची भाकरी फुगली होती, पहिलीच. आशाने उंबऱ्यातूनच एका दमात सगळं सांगून टाकलं. मावशीने तवा उतरवला.

"मी खाल्ला असता त मना कलला पन नसता," ती म्हणाली. मग तिने आशाकडे पाहिलं. "जेवलीस काय?"

"नाही."

"मंग बस. अन्न हाय, टाकायचा न्हाय. तुजा कय उपास न्हाय ना?"

मावशीने ती भाकरी दाण्याच्या आमटीबरोबर आशापुढे ठेवली. आशा रडत रडत सगळी जेवली. उठताना मावशी म्हणाली, "लवूला सांग, फुडचा डबा पोरीचे हातचा चालल."

गिरणीत परतल्यावर आशाने मुकाट झाडू उचलला. बाबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "मी झाडतो. राजगिरा आलाय, तो बघ," म्हणाले. त्यानंतर त्या गोष्टीचा त्यांनी मरेपर्यंत उच्चार केला नाही. आशाला आजही वाटतं, तेव्हा बाबांच्या गळ्यात पडायला हवं होतं.

आता आशाची मुलगी दिव्या पंधराची आहे. गेलं वर्षभर शाळा सुटली की गिरणीत येते, अंगठाही बरा आहे. पण परवाच ती फणकारली होती, "मला नाही शिकायचं. सगळ्यांना तूच लागतेस." आणि नेमकी काल घटस्थापनेला सुलूमावशीची नात संचिता डबा घेऊन आली. मावशी ऐंशीच्या पुढे गेलीय, घराबाहेर पडत नाही.

"आजी बोलली, आशामावशीच्याच हातचं दे. दिव्याचं नको."

दिव्याचं तोंड एवढंसं झालं. तिने ओढणीला हात पुसले आणि बाहेर जायला निघाली. आशाने डबा घेतला आणि दिव्याच्याच हातात दिला.

"आजी ओरडेल हां," संचिता म्हणाली.

"ओरडू दे. तिला सांग, दळलंय दिव्यानं, आशा बाजूला उभी होती. नको असेल तर परत आण, मी पुन्हा दळून देईन."

दिव्याने फळीवरचा डबा काढला. एक मूठ टाकली, थांबली, आईकडे पाहिलं आणि आणखी एक टाकली. बाबा असते तर म्हणाले असते, चिमण्यांना अपचन होईल. आशाने ते पीठ चिमण्यांसाठी बाजूला काढलं आणि दिव्याने मावशीची वरी ओतली. पीठ भरून संचिता गेली आणि दिव्या दारात जाऊन उभी राहिली, डबा परत येतोय का ते बघायला.

तासाभराने संचिता परत आली. हातात डबा नव्हता. फडक्यात गुंडाळलेली भाकरी होती, अजून गरम.

"आजीनं पहिली काढली," ती म्हणाली. "बोलली, दळणाऱ्या पोरीला दे."

दिव्याने भाकरी मोडली आणि अर्धी आईपुढे धरली.

"मला नको," आशा म्हणाली. "मी माझी खाल्लीय. ही तुझी."