दोन बोटं आखूड बूट

फटफटी तवंदीच्या घाटात असली तरी हिला घरात ऐकू येते, असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. ते खरं नव्हतं. घाट आमच्या निपाणीपासून दोन कोसांवर. पण ह्यांची यायची वेळ झाली की मी चुलीपुढून उठायची, दारात जायची, परत येऊन बसायची आणि पुन्हा उठायची. तव्यावरची भाकरी करपायची.

"बूड टेक गं जरा," सासूबाई म्हणायच्या. "तुझ्या उठबशा बघून गाडी लवकर येणार हाय व्हय?"

हे तंबाखूच्या वखारीत कामाला होते. गावोगाव जायचं, शेतकऱ्याच्या घरी बसून पान हातात घेऊन बघायचं, कुणाचा माल कधी उचलायचा ते ठरवायचं, असं त्यांचं काम. आधी सायकलवर फिरायचे. लढाई संपल्यावर वखारीच्या मालकांनी बेळगावच्या कॅम्पातून लष्करातली जुनी फटफटी आणली आणि ह्यांच्या हातात दिली. गल्लीत ह्यांचा रुबाब वाढला. पायात मात्र तीच जुनी चप्पल राहिली.

पहिल्या आठवड्यातच किक उलटी आली आणि घोटा सुजला. मग धुराच्या नळीला लागून पोटरी भाजली. कोरफड लावून ती वाळते न वाळते तोच घाटाच्या वळणावर चप्पल पायातून निसटली. तोल सावरायला ह्यांनी पाय खाली टेकला आणि अंगठ्याचं नख निघून गेलं. मालक म्हणाले, "आणखी एकदा पडलास तर गाडी दुसऱ्याला. तू वखारीत बसून पोती शिव."

ह्यांना त्या बोलण्याचा घोर लागला. मला पायाचा. बैलगाडीच्या चाकाखाली पाय गेलेला एक माणूस आमच्या गल्लीतून रोज कुबडी टेकत जायचा. तो आवाज आला की मी हातातलं काम टाकून आत जायची.

ह्यांनी कॅम्पातल्या बाजारातून लष्करी बूट आणले. दोन दिवस घातले आणि खुंटीला अडकवले.

"तळाला खिळं हायत. लोखंडावर पाय ठेवला की घसरतोय," हे म्हणाले. "आणि ती नाडी. दिवसाला दहा उंबरं चढतो मी. दर उंबऱ्याला वाकून सोडायची, परत बांधायची. तवर दुसरा व्यापारी माल ठरवून जाईल."

"आणि साहेबागत टापटाप करत गेलास तर कोण घोंगडं टाकंल तुला?" सासूबाई म्हणाल्या. "सगळं गाव खुर्ची शोधत बसंल."

ते दोघं हसले. मला हसू आलं नाही. भांडी घासताना, कपडे धुताना माझ्या डोक्यात तेच. घोटा झाकलेला पाहिजे, अर्धी पोटरी तरी झाकलेली पाहिजे, बोटं उघडी नकोत, तळाला खिळा नको, नाडी नको. असा बूट दुकानात मिळत नव्हता. मग करून घ्यायचा. वेशीजवळ चपला शिवणारे एक म्हातारे मामा बसायचे. घरातल्या सगळ्यांच्या चपला त्यांच्याच हातच्या.

ह्यांना विचारलं असतं तर नको म्हणाले असते. एकदा मी सोपा सारवला होता आणि हे घाईत तसेच ओल्यावरून चालत आले. सासूबाई रागावल्या. मी ते पाऊल पुसलं नाही. वाळल्यावर त्याच्यावर वर्तमानपत्र धरलं, बोटानं कड चाचपत कोळशानं आखलं आणि कातरलं. कातरताना पुढून बोटाच्या रुंदीएवढं, एक बोट कमी केलं. आमच्याकडं चपलेचं माप असंच देतात. नवी चप्पल कसून बसली पाहिजे. तिला तेल पाजायचं, चार दिवस पाय सोलून घ्यायचा, मग ती पायाची होते. मापाला बरोबर केली तर दोन महिन्यांत ढिली होऊन पायाआधी तीच वळते.

सासूबाईंना घेऊन मी मामांकडं गेले. मामांनी कागद उलटापालटा करून बघितला. सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. "फटफटीवाल्याचा व्हय?" मामा म्हणाले. "मग तळाला मोटारीच्या टायरचा तुकडा लावू. घसरायचा न्हाय. नाडीच्या जागी घोट्याला एक पट्टा." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "माप पुरतं हाय, का कमी करून आणलंय?"

परक्या पुरुषाशी मी तोवर कधी बोलले नव्हते. उत्तर तोंडापर्यंत आलं होतं.

"पुरतंच असंल," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही आपलं नेहमीसारखं कसून करा मामा. कातडं ढिलं पडतंय."

मी मान खाली घातली. मामांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणं आणखी एक बोट कमी केलं.

बूट घरी आले तेव्हा हे बघतच राहिले. "ही अक्कल कुणाची?"

"माझी न्हाय बाबा," सासूबाई म्हणाल्या. "मला एवढं कुठलं कळतंय."

ह्यांनी पाय घातला, जोर लावून टाच आत नेली. चेहरा जरा बदलला. "लई झ्याक हायत," असं म्हणाले आणि संकेश्वराकडं गेले.

त्या दिवशी मला शांत वाटायला हवं होतं. पण सकाळपासून जिवाला चैन नव्हतं. पाणी भरलं, जोंधळे निवडले, निवडलेलेच पुन्हा निवडले. चेहरा का बदलला, हेच मनात.

दिवे लागायच्या वेळेला हे आले. अनवाणी. बूट हँडलला लटकत होते. पायाची बोटं काळीनिळी झाली होती.

"पडलासा?" मी विचारलं.

"न्हाय." कट्ट्यावर बसून बराच वेळ त्यांनी पाय चोळले. "घाट उतरताना डावा पाय ब्रेकवर हाय का न्हाय, तेच कळंना. बोटं पार बधिर. खाली वाकून बघितलं तवर पुढ्यात बैलगाडी. गाडी चरीत घातली म्हणून वाचलो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बूट चांगलं हायत. चार दिसांत सैल हुतील. उद्या परत घालतो."

मी करून घेतलेले म्हणून ते उद्याही घालणार होते. चपलेत बोटं पुढून मोकळी असतात. बूट पुढून बंद. कातडं बाजूनं सैल पडेल, पण पुढं कुठं जाईल? हे मला माप कातरताना सुचायला पाहिजे होतं.

"अहो," मी म्हटलं, "माप मी एक बोट कमी केलं होतं. मामांनी आणि एक."

हे म्हणाले, "म्हणजे घाटात मारायचा बेत तुमचा दोघांचा हुता म्हणायचा." सासूबाई आतून हसल्या. मी तिथून उठून गेले. रडू येत होतं.

सकाळी बूट पदराखाली घेऊन मी एकटीच वेशीकडं गेले. मामांच्या पुढ्यात ठेवले. "मामा, हे चप्पल न्हवं. पुढं बोट हलायला पाहिजे. माप मीच कमी आणलं होतं."

"मग त्या दिशी का बोलला न्हाईसा?" मामांनी विचारलं. ते बूट हातात फिरवत राहिले. "मी तरी कुठं आधी बूट शिवलंतं. धाडा त्यांस्नी. मोजं घालून उभं राहू द्यात. बसल्या पायाचं माप मी घ्यायचा न्हाय."

पुढचा भाग कापून त्यांनी नवीन शिवला. काळं कातडं संपलं होतं, म्हणून तांबडं लावलं, दुहेरी. वखारीत ह्यांना तांबड्या चोचीचा म्हणायला लागले. ते हेच घरी येऊन सांगायचे.

तरी माझ्या उठबशा चालूच होत्या. तंबाखूचा हंगाम ऐन भरात असताना एकदा आवाज आला तो पार गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि बंद पडला. मी दारात गेले. हे फटफटी ढकलत येत होते, एका बाजूनं चिखल लागलेला. माझी नजर पायांकडं गेली. दोन्ही पाय नीट पडत होते.

"कुत्रं आडवं आलं," हे म्हणाले. "गाडी पायावर पडली. मालकाला बोलू नगा कुणी."

उंबऱ्यापाशी त्यांनी पट्टा सोडून बूट काढले. घोटा मी हातानं दाबून बघितला, सगळ्या बाजूंनी. दुखत नव्हता. उजव्या बुटाला घोट्यावर चार बोटं लांब चीर गेली होती, आतलं अस्तर दिसत होतं.

"बुटाला लई लागलं का गं?" सासूबाईंनी चुलीपासून विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

मी तेलाची वाटी घेतली आणि तिथंच उंबऱ्यावर बसून चिरेभोवतीच्या कातड्याला तेल चोळत राहिले. हे दोनदा जेवायला बोलवून गेले.