बुडालेल्या गावाचा ठराव

ठरावधारक हा शब्द कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि बाहेर सांगितला तरी कळत नाही. दूध संघाचा अध्यक्ष आम्ही म्हशी राखणारे थेट निवडत नाही. गावातली दूध संस्था सभेत ठराव करते की आमच्या वतीनं अमुक एकजण मत देईल. तो ठरावधारक. ठरावधारक संचालक निवडतात आणि संचालक अध्यक्ष. आमचा संघ मोठ्यांच्या खिजगणतीतही नसलेला, पण निवडणूक आली की सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

त्या वर्षी आमच्या महिला संस्थेचा ठराव माझ्या नावानं झाला. मी बी.ए. झालेली आणि भांडायला न भिणारी, एवढीच माझी लायकी. आमचं गाव मलकापूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. रस्ता खराब म्हणून संघानं दुधाचा टेम्पो वर पाठवणं बंद केलं होतं, आणि आम्ही चाळीस बायका दोन्ही वेळेला किटल्या डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत उतरत होतो. पावसाळ्यात एक गरोदर पोर किटलीसकट घसरली. तिचं बाळ गेलं. तेव्हापासून आम्हाला दुसरं काही नको होतं, टेम्पो हवा होता. कपबशी चिन्हाच्या उमेदवारानं तो शब्द दिला होता. समोरच्या छत्रीवाल्यांनी दिला नव्हता, पण ठरावधारकांना मतदानापर्यंत घेऊन जाऊन ठेवणारी गाडी दारात आधी आली ती त्यांची.

"जाऊ का नको?" मी बायकांना विचारलं.

"जा की! खा, पी, आन् मत आपलंच दे," त्या पोरीची सासू म्हणाली. "न्हाय म्हटलीस तर उठायचं न्हाईत त्ये दारातनं." सगळ्या हसल्या, मीही हसले.

घाटातल्या एका हॉटेलात आम्हाला पाच दिवस ठेवलं. फोन काढून घेतले. जेवण झकास, पण खिडकीबाहेर भर दुपारीसुद्धा पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसायचं नाही. तिथं कुणाला स्वतःचं नाव नव्हतं. 'ए कळंबा, चहा घे', 'मलकापूर, तुमचं पाणी तापलं' अशी गावाच्या नावानं हाक मारायचे. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं माझं खरं नाव विचारलं तेव्हा मला क्षणभर आठवावं लागलं, आणि मी घाबरले.

बसून बसून मी विचार करायची. थेट मतदान असतं तर आमच्या चाळीस बायकांना कुणी विचारलं असतं? हजार सभासदांच्या गावापुढं आम्ही कुठं दिसलो असतो? ठरावाची पद्धत होती म्हणूनच आमच्या मताचं वजन त्यांच्याइतकं होतं. आणि त्याच पद्धतीमुळं चाळीस तोंडांचं एक तोंड झालं होतं, आणि ते एक तोंड कुणीतरी गाडीत घालून घाटात आणून ठेवलं होतं.

रोज सकाळी हजेरी व्हायची, गावांच्या नावानं. चौथ्या दिवशी यादीत नवीन नाव आलं, माझ्या आईच्या माहेरचं. ते गाव आईच्या लग्नानंतर धरणात गेलं. अख्खं गेलं, देवळासकट. आई मरेपर्यंत त्याचं नाव घेऊन रडायची.

"हजर," मागून आवाज आला.

मी वळून बघितलं. मागं स्वच्छ टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता. मी त्याच्याकडं जाऊन सांगितलं की ते माझ्या आईचं माहेर.

"मग मी तुजा मामा लागतो की," तो म्हणाला आणि खिशातलं केळं माझ्या हातात ठेवलं.

"मामा, गाव तर गेलं. संस्था कशी राहिली?"

"दोन म्हशी हायेत माझ्या. त्यांचं दूध गावाच्या नावानं घालतो. गाव जितं हाय कागदावर."

"आणि सभासद?"

"हायेत की समदे. दर साली सभा घेतो, पाण्याच्या कडंला. नावं वाचतो, मग हजर म्हणत्यात." त्यानं माझ्या आजोबांचं नाव विचारलं. मी सांगितलं. "तुजा आज्जा? त्यो कवाच चुकवत न्हाय सभा."

आजोबा वारले तेव्हा मी तिसरीत होते. हसावं की उठून जावं ते मला कळेना. पण मतदान उद्यावर होतं आणि कपबशी-छत्री तोडीस तोड होती, म्हणून मी त्याला आमच्या टेम्पोचं सांगितलं, त्या पोरीचं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले.

"लई वंगाळ झालं, पोरी. पर ठराव छत्रीचा झालाय. मी एकटा इरोधात हुतो. बाकी समद्यांनी हात वर केला."

"माझ्या आजोबांनी?"

"त्यांनी बी."

"मामा, मत तुम्ही देणार. आत पडद्यामागं कोण बघतंय?"

"बघत्यात की," तो म्हणाला, अगदी साधेपणानं. त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला. माझ्या बायकांना माझं मत कधीच दिसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कपबशीवर शिक्का मारला. दोनदा बघून खात्री केली. कपबशी एका मतानं पडली. त्या एका जागेच्या जोरावर अध्यक्षही छत्रीचा झाला.

गावात परतले त्या संध्याकाळी किटली घेऊन फाट्यावर उतरले. बायका रांगेत उभ्या होत्या, बोलत होत्या, मला बघून थांबल्या.

"पाच दिस त्यांचंच खाल्लंस की," त्या पोरीची सासू म्हणाली. ती पोर तिच्या शेजारी उभी होती, खाली बघत.

"मी कपबशीलाच दिलं," मी म्हणाले. मग धरणातल्या गावाचं सांगितलं, मामाचं, त्या सभेचं, सगळं.

सासूनं शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय बाई," ती म्हणाली. "आता मेलेल्यांवर घाल."

त्या दिवसापासून चढावर माझ्यासाठी कुणी थांबत नाही. मला सासूचा राग आला नाही, तिच्या जागी मीही तेच म्हणाले असते. राग आला तो आजोबांचा. सगळ्यांबरोबर हात वर करताना त्यांना आपली नात किटली डोक्यावर घेऊन उतरताना दिसली नाही का?