एका हाताची जागा

आमचा लेक दीड वर्षाचा असताना लंडनमधल्या हाउन्सलोच्या घरात मोज्यांवर घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. मी आणि नवरा दोघंही ऑफिसात. घरी होत्या त्या सांगलीहून काही महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई, वरणभाताची वाटी घेऊन त्याच्यामागे फिरत होत्या. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, पडला तेव्हा जवळ कोण होतं? इतक्या लहान पोराचं हाड मोडलं की इथे सगळ्यांनाच विचारतात. पण सासूबाईंचा चेहरा तेव्हाच पडला.

उपचार बघून माझं काळीजच हललं. कॉटवर आडवी दांडी, दोन्ही पायांना पट्ट्या चिकटवून वर बँडेज, आणि पाय दोरीनं सरळ वर टांगलेले. ह्या जमान्यात! मला वाटलं होतं, निदान एखादं मशीन तरी असेल. नर्सनं शांतपणे समजावलं की एवढ्या लहान मुलाला हेच बरं, त्याच्या स्वतःच्याच वजनानं हाड सरळ राहतं. अट एकच, ढुंगण गादीला टेकता कामा नये. मध्ये तळहात सरकेल एवढी जागा हवी. ती अधूनमधून येऊन हात घालून बघायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉफी आणायला खाली गेले. परत येते तो नर्सच्या हातात आमचं दुपटं. पोर अधांतरी लटकलंय हे सासूबाईंना बघवेना, म्हणून त्यांनी घडी करून ते त्याच्याखाली सारलं होतं. नर्सनं दोऱ्या तपासल्या आणि डॉक्टरांना बोलावलं. माझं मात्र डोकं फिरलं. मी मुळातच तोंडाची फटकळ. हाड वाकडं जुळलं तर जन्मभर लंगडेल तो, कळतंय का तुम्हाला, असं सगळ्या वॉर्डादेखत सुनावलं. मराठीत सुनावलं, पण सूर काय, कुणालाही कळतो.

एक्स-रे ठीक आला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून घे. मग त्या कॉटपासून लांब, खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागल्या. बाळ "आज्जी" म्हणून हात पसरायचा आणि त्या मान फिरवायच्या. सॉरी म्हणायला मात्र माझी जीभ रेटेना.

वॉर्डाबाहेर भिंतीवर शंभरेक वर्षांपूर्वीचा एक फोटो होता. कॉटची लांबलचक रांग, कडक इस्त्रीच्या टोप्या घातलेल्या नर्सेस, आणि दोन पोरं थेट आमच्यासारखी, पाय वर टांगलेली. एकदा जेवायला निघालो तेव्हा सासूबाई तिथे थांबल्या. ह्यांच्या आया कुठायत, म्हणाल्या. चहाची गाडी ढकलत एक म्हाताऱ्या व्हॉलंटियर बाई येत होत्या, त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या काळात हाड जुळेपर्यंत पोरं आठवडेच्या आठवडे इथेच असायची. आईबापांना फक्त रविवारी आत सोडायचे, तेही थोडा वेळ. घरचं माणूस दिसलं की पोरं रडतात, हलतात, म्हणून न आलेलंच बरं असं मानत. मी हे सगळं मराठीत सांगितलं. मला वाटलं, त्या हळहळतील.

"बरोबरच होतं त्यांचं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासारखीला आत घेतलं की हेच होतं."

मला रडूच फुटलं. अहो, त्या फोटोतल्या पोरांसाठी दुपटं घेऊन कुणी आलंच नव्हतं. आणि माझ्या पोराची आजी रोज येऊन खिडकीशी परक्यासारखी बसत होती.

जेवण राहिलं बाजूला. मी त्यांना हाताला धरून परत आत नेलं. नर्स जागा तपासायलाच आली होती. आजीनं बघितलं तर चालेल का, मी विचारलं. ती हसून बाजूला झाली.

"आई, आता तुम्ही हात घालून बघा," मी म्हटलं.

त्या वाकल्या. तळहात गादीवरून हळूच सरकवला. तेवढ्यात बाळानं त्यांचा पदर मुठीत पकडला.

"आहे जागा," त्या म्हणाल्या. हात त्यांनी काढून घेतला, पदर मात्र सोडवला नाही.