दोन नळ्यांचं काळीज

दुपारचं जेवण झालं की मी उबवणी केंद्रातल्या बाकावर आडवा होतो. डोळे मिटतात, पण यंत्रांची घरघर ऐकू येत राहते. मग तीही थांबते. समोर माझी बायको रत्नमाला अंडी तपासत बसलेली असते. तिला जाऊन सात महिने झालेत.

पत्र्याच्या डब्यात दिवा, डब्याला भोक. ती भोकावर अंडं धरते.

"चौथ्या दिवसाचं ना हे?"

"हो."

"धडधडतंय बघा. एवढासा लाल ठिपका."

"तू कुठं होतीस?"

"आधी कामाचं बोला. जन्मभर तेच तर बोललात."

मी अंडं घ्यायला जातो, तर ती दवाखान्यातल्या खाटेवर आहे. बत्तीस वर्षांपूर्वीची. तिसरा महिना सरला नव्हता म्हणून घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पडलं, तेही मग सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सगळं समजावलं होतं. आत येऊन मी हिला म्हणालो होतो, अजून काही झालंच नव्हतं, नुसता गोळा होता.

"बाई काय म्हणाल्या होत्या?" ती विचारते.

"कशाला आता?"

"अहो, मेलेय मी. आता काय रडून आजारी पडणार आहे?"

मी सांगतो. आधी दोन बारीक नळ्या असतात. त्या जवळ येऊन एक होतात. तीन आठवडे झाले की ती नळी हलायला लागते. मग वाकते, आत पडदे धरतात, कप्पे होतात.

"आपल्याचं?"

"पडदे पुरे झाले नव्हते. धडधडत मात्र होतं. महिनाभर."

आता आम्ही स्वयंपाकघरात आहोत. चुलीच्या जागी तो डबा आहे.

"महिनाभर," ती म्हणते. "आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या भावाच्या साखरपुड्याला मी साठ पोळ्या लाटल्या."

"माझं चुकलं."

"मला नका सांगू." ती माझं बोट धरून डब्यावर टेकवते. "हलतंय?"

पत्रा तापलेला आहे. "नाही."

"तरी ठेवा."

मी बोट काढत नाही. ती हात सोडत नाही.

जाग येते तेव्हा यंत्रं घरघरतायत. तपासणीचा दिवा कपाटात कुलपात आहे. माझ्या उजव्या तर्जनीच्या टोकाला फोड आलाय, पाण्यानं टच्च भरलेला. आत ठणकतंय.