गावठी म्हणेल त्याने बादली भरायची

इरा, नील, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मे महिन्यात आलो की सुधीरआजोबांच्या कुत्र्यांकडे जायचं ना?" मी नुसतं "बघू" म्हणाले. आजोबा गेले हे तुम्हाला ठाऊक आहे. केंद्रही गेलं, हे मी बोलले नव्हते. तुमची तिकिटं निघायच्या आधी सांगायला हवं.

सुधीर माझा धाकटा भाऊ. निवृत्त झाल्यावर मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, पत्र्याच्या शेडमध्ये, त्याने देशी श्वानांचं वारसा केंद्र उभं केलं. कारवान, पश्मी, मुधोळ... लांब पायांची, सडसडीत कुत्री. सुट्टीत मुलं ती पाहायला यायची. तिथे नियम एकच होता. कुत्र्यांना जो 'गावठी' म्हणेल, त्याने नळावरून बादलीभर पाणी आणून त्यांच्या कुंडीत ओतायचं. 'देशी' म्हणायचं. तुमचे बाबा नवे जावई म्हणून आले तेव्हाही सुटले नाहीत. "जावईबापू, बादली तिकडे आहे," सुधीर शांतपणे म्हणाला होता.

होळी झाली की आम्ही उन्हाळ्याची तयारी काढायचो. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, जमिनीवर ओली वाळू, पत्र्यावर चुन्याचा हात. यंदाही मी गेले. तो शिडीवर, मी खाली चुना कालवतेय.

"पातळ करू नकोस गं ताई, ओघळतोय."

"माझ्या डोक्यावर ओघळतोय. मलाच चुना लावतोस की काय रे?"

एरवी तो खो खो हसला असता. "हात चालव," एवढंच म्हणाला. पश्मीची पिल्लं यंदा मुलांना दाखवायची का, असं विचारलं तर म्हणाला, "बघू."

पुढच्याच आठवड्यात तो झोपेत गेला.

त्याच्या दिवसांना एक अनोळखी गृहस्थ आले. केंद्राची जागा सुधीरने दिवाळीतच त्यांना दिली होती. तिथे आता परदेशी कुत्र्यांसाठी एसी वसतिगृह होणार होतं. "आणि आमची कुत्री?" मी विचारलं. ते मला समजावत म्हणाले, "भिवंडीला गोदामांवर राखणीला जातील. सुधीरभाऊच म्हणाले, गावठी कुत्री आहेत, कुठेही राहतील."

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. नंदा ताट पुसत राहिली. "वन्सं, ते तुम्हाला सांगणारच होते..."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्याच्या झालेल्या छपरासाठी मी चुना कालवत होते आणि मला थांबवायला त्याची जीभ रेटली नाही. थकला असेल. सांगितलं असतं तर मी भांडले असते, मग समजूनही घेतलं असतं. जागेचं एवढं नाही... पण तो शब्द त्याने वापरला. आणि आता जाब विचारायला गेलं, तर समोर हार घातलेला फोटो.

चंद्री नावाची म्हातारी कारवान गोदामवाल्यांनाही नको होती. तिला मी घरी आणलं. बाल्कनीत वाळ्याचा पडदा लावला, खाली ओलं गोणपाट, शेजारी तिची मातीची कुंडी. काल लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काय आजी, या वयात गावठी कुत्रं?" त्यांना घरात बोलावलं आणि हातात बादली दिली. गोंधळले, पण भरली बिचाऱ्यांनी. ते गेल्यावर मी आणखी एक भरली, सुधीरच्या वाटणीची.

तेव्हा या तुम्ही मे महिन्यात. केंद्र नाही. चंद्री आहे, आणि नियम आहे.