उष्टं काढणारे

“पाहुना जेवून गेला, मंग उष्टं कोन काढन?” कॉम्प्युटरसमोर बसताच ते हे विचारत. उत्तर कुणी द्यायचं नसे. चष्मा कपाळावर ढकलून ते स्क्रीनला इतकं नाक लावत, की वास घेतायत असं वाटावं.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. उमरखेडमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आणखी होते, सगळे चटपटीत. हे फुलसावंगीहून एसटीने येत, उशिरा येत आणि एकदा बसले की हलत नसत.

काढून टाकलेलं सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगच्या बारीकसारीक फायली मागे ठेवून जातं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या फायलींना ते उष्टं म्हणत. एका शाळेच्या ऑफिसात मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तीनदा काढून तीनदा टाकलं, तरी ‘क’ दाबला की ‘ळ’च उमटायचा. सगळ्यांनी हात टेकले होते. यांनी कुठल्याशा लपलेल्या फोल्डरमधून एक चिमुकली जुनी फाईल उडवली आणि ‘क’ ताळ्यावर आला. मुख्याध्यापकांनी कौतुकाने चहा मागवला, तर हे म्हणाले, थांबा, अजून दोन ताटं उचलायची आहेत.

माझं लग्नपत्रिकांचं दुकान. मी उतावळा, त्यांच्या संथपणाने माझं डोकं फिरायचं. पण दुसऱ्याला बोलावलं नाही, हेही खरं.

पत्रिका टाईप करायची माझी बायको. मी छापायचो आणि पोचवायचो. ती वारल्यावर वर्षभर तिचं काम मी कसंबसं ओढलं. मग तिचं जुनं सॉफ्टवेअर कुरकुरायला लागलं, तेव्हा यांना बोलावलं. नवं टाका म्हटलं, आणि जुन्याचं नामोनिशाण ठेवू नका. खरं सांगायचं तर तिच्या हातचं ते रोज उघडणं माझ्याच्याने होत नव्हतं.

जुनं काढून झालं. उष्टं काढायला म्हणून ते फोल्डरमध्ये शिरले आणि थबकले. सगळं डिलीट मारा, गिऱ्हाईक यायचंय, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

“भाऊ, इकडं या. हे वाचा.”

तिने भरलेली शब्दांची यादी होती ती. दोन अक्षरं दाबली की पुढचं आपोआप उमटावं म्हणून केलेली. ‘फुल’ म्हणजे ‘मु. पो. फुलसावंगी, ता. महागाव’. ‘आप’ म्हणजे आप्तेष्टांना बोलावणारी सगळी ओळ. आणि अगदी शेवटी ‘ताझा’: ‘जेवून घ्या, ताट झाकून ठेवलं आहे.’ मी पत्रिका पोचवायला गेलेलो असलो की दुपारी माझं ताट दुकानातच झाकून घरी जाताना ती हे स्क्रीनवर ठेवून जायची. रोजचंच, म्हणून त्यालाही तिने दोन अक्षरं दिली होती.

मी स्टुलावर बसलो. मला रडू आलं, आणि त्यांच्यासमोर आलं याची लाजही वाटली नाही.

“हे उष्टं नाई, भाऊ,” ते म्हणाले. “हे तुमच्यासाठी ठेवेल हाय.”

यादी त्यांनी नव्या सॉफ्टवेअरला जोडून दिली. मी न जेवता बसलोय हे कळल्यावर मला घरी पिटाळलं आणि आलेलं गिऱ्हाईक स्वतः सांभाळलं. त्या गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत पुढे दोन चुका निघाल्या. त्या मी गुपचूप पुन्हा छापून दिल्या.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी एका पत्रिकेचा मजकूर घेऊन दुकानात आली. त्यांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका, माणूस गेल्यानंतरच्या बौद्ध विधीची. झोपेतच गेले, म्हणाली. मला तेव्हाच कळलं. तिला बसवून मी टाईप करायला घेतलं. ‘फुल’ दाबताच त्यांच्या गावाचा पत्ता पूर्ण उमटला. नाव मात्र एकेक अक्षर जुळवावं लागलं, कारण आमच्या यादीत ते कधी नव्हतंच. खाली सॉफ्टवेअरने विचारलं, नवा शब्द जतन करायचा का?

मी ‘हो’ दाबलं.